शार्क पाळायचा तर टाकी केवढी?

कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात ‘शार्क’ मागितला तर दुकानदार चकित होत नाही. तो जाळीने दोन-अडीच इंचांचा, रुपेरी करड्या रंगाचा, टाकीत सारख्या येरझाऱ्या घालणारा मासा उचलतो, पिशवीत पाणी आणि हवा भरतो आणि गाठ मारून हातात देतो. शंभर रुपयांच्या आत शार्क घरी येतो. मग प्रश्न सुरू होतात. दीड फुटाच्या टाकीत चालेल ना? एकटा राहील का? खातो काय? याच हौसेच्या दुसऱ्या टोकाला असतात ते लोक, ज्यांनी परदेशातल्या कुणाच्या तळघरात फिरणारे खरेखुरे शार्क पडद्यावर पाहिलेले असतात आणि ज्यांना तसंच काहीतरी ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हवं असतं. दोघांनाही टाकीचा आकडा हवा असतो. आकडा सांगता येतो. पण त्याआधी मासा नेमका कोणता आणि तो मोठेपणी केवढा होतो, हे ठरवावं लागतं. हा क्रम उलटा झाला की मासे मरतात.

आधी कुर्ल्याच्या पिशवीतला शार्क पाहू. हा पंगस. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांतला कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला. शार्कशी त्याचं नातं काही नाही. पाठीवरचा उभा पर आणि अस्वस्थ पोहणं एवढ्या भांडवलावर त्याला ती पदवी मिळाली. नव्वदच्या दशकात तो बांगलादेशमार्गे भारतात आला आणि आंध्रच्या तळ्यांत त्याची शेतीच सुरू झाली. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जी पांढरी, बिनकाट्याची तुकडी ताटात येते ती बहुतेक वेळा याचीच. तळ्यात तो वर्षभराच्या आत किलोभराचा होतो. नदीत १३० सेंटीमीटर लांबी आणि ४४ किलो वजनापर्यंतची नोंद आहे. म्हणजे दिवाणखान्यातल्या दीड फुटी टाकीत लोक ज्याला आणून सोडतात, तो मोठेपणी त्या टाकीच्या जवळपास तिप्पट लांब असतो. शिवाय हा थव्याने राहणारा, भित्रा मासा. दिवा लागला किंवा दार आपटलं की उसळी मारून काचेवर नाक फोडून घेतो. त्याच्यासाठी योग्य टाकी कोणती, याचं प्रामाणिक उत्तर ‘तळं’ असं आहे.

इथे हमखास ऐकू येणारा एक युक्तिवाद निकालात काढायला हवा: ‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो.’ वाढ खुंटते हे खरं. पण ती खुंटते ती साचलेल्या अमोनिया-नायट्रेटमुळे, सततच्या ताणामुळे आणि हालचालीला वाव नसल्यामुळे. पाठ वाकते, शेपूट झिजते आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकणारा मासा दोन-तीन वर्षांत संपतो. लहान राहिला म्हणून आपण खूश असतो तेव्हा तो खरं तर आजारी असतो.

‘शार्क’ नावाने विकले जाणारे गोड्या पाण्यातले आणखी तीन मासे आहेत आणि ते कार्पच्या, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातले. बाला शार्क हा चंदेरी, काळ्या किनारीच्या परांचा देखणा मासा ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, एकटा ठेवला की बिथरतो आणि उडी मारण्यात पटाईत असतो. पाच-सहा जणांच्या थव्याला सहा फुटी टाकीसुद्धा लवकर अपुरी पडते. आठ फूट म्हणा आणि वर घट्ट झाकण. लाल शेपटीचा काळा शार्क मात्र घरात खरोखर मावतो. लांबी १२ ते १५ सेंटीमीटर, चार फुटी टाकी, दोन-सव्वादोनशे लिटर पाणी, लपायला दगड-लाकडं, आणि एका टाकीत एकच. कारण जातभाईला तो अक्षरशः छळून मारतो. थायलंडच्या ज्या नद्यांतला तो, तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि बाजारातला प्रत्येक लाल शेपटीवाला शेतीत वाढवलेला असतो. रेनबो शार्कचंही स्वभावात आणि आकारात साधारण तेच. ‘शार्क’ हे नाव घरी मिरवायचंच असेल, तर माझं मत या दोघांपैकी एकाला.

आता खरे शार्क. जगात त्यांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि खासगी टाकीत जन्मभर बरे राहू शकतील अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. याचं कारण त्यांच्या शरीरात आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात जागच्या जागी तरंगू शकतात. शार्कला ती नसते. तेलकट, मोठ्या यकृतामुळे थोडा हलकेपणा येतो, बाकी उचल पोहण्यातून मिळवावी लागते. उघड्या समुद्रात राहणाऱ्या जाती शेपटीचे काही फटके मारतात आणि मग पर पसरून तरंगत पुढे सरकतात. हीच त्यांची विश्रांती. टाकी आखूड असली की तरंगण्याच्या आत भिंत येते. वळा, पुन्हा फटके, पुन्हा भिंत. अखंड वळत राहण्याने ताकद संपते, नाक आणि पर घासतात. मोठ्या मत्स्यालयांतल्या सँड टायगर शार्कमध्येसुद्धा पाठीचा कणा वाकल्याच्या केसेस सापडल्या आहेत आणि त्यांचा संबंध पकडण्याच्या-वाहून नेण्याच्या पद्धतीशी आणि टाकीच्या आकाराशी जोडला गेला आहे. त्यात अनेक जातींना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठी पुढे सरकतच राहावं लागतं. म्हणून शार्कच्या बाबतीत ‘किती लिटर’ हा प्रश्न दुय्यम आहे. उंच, अरुंद टाकीत दोन हजार लिटर मावतील आणि तरीही ती निरुपयोगी असेल. लांबी आणि रुंदी, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ, हेच खरं माप.

ज्या जाती तळाशी पडून राहतात, तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांतून सोडतात आणि दिवसाचा बराच वेळ कपारीत झोपून काढतात, त्यांच्याच बाबतीत घरातल्या टाकीचा विचार होऊ शकतो. बांबू शार्क हा त्यांतला सर्वांत परिचित. पांढऱ्या ठिपक्यांचा सुमारे ९५ सेंटीमीटर होतो, तपकिरी पट्ट्यांचा मीटरभर किंवा जास्त. करडा आणि अरबी या जाती जरा लहान, पाऊण मीटरच्या आसपास. या दोन्ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळतात आणि ट्रॉलरच्या जाळ्यात सापडतात. (जाळ्यातून जिवंत निघालेला उचलून आणावा, असा मोह कुणाला होऊ नये. तासन्‌तास फरफटत आलेला प्राणी सहसा आतून जखमी असतो.) दुसरा एपॉलेट शार्क, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या प्रवाळांतला, मीटरभर लांबीचा, परांवर चक्क चालणारा. ओहोटीत उथळ डबक्यात अडकला तर फार कमी प्राणवायूवरही तो तग धरतो. ही त्याची निसर्गातली निकड आहे. पंप बंद ठेवायला मिळालेली सवलत म्हणून तिच्याकडे पाहू नये. तिसरा कोरल कॅटशार्क, सुमारे ७० सेंटीमीटरचा, सडपातळ. माझ्या मते घरगुती टाकीसाठी सर्वांत सयुक्तिक हाच, पण मिळतो क्वचित. कॅलिफोर्नियाचा हॉर्न शार्क आकाराने बसतो, पण त्याला थंड पाणी लागतं. मुंबईच्या मे महिन्यात पाणी वीस अंशांखाली ठेवायचं विजेचं बिल ज्याला परवडतं, त्याने खुशाल विचार करावा.

यापलीकडचे सगळे बाद. नर्स शार्क जन्मतः जेमतेम ३० सेंटीमीटरचा, गोंडस आणि शांत असतो, म्हणून अमेरिकेत तो बराच विकला गेला. मोठेपणी अडीच-तीन मीटरचा होतो. झेब्रा शार्कच्या पिल्लाच्या अंगावर मोहक पट्टे असतात, पुढे तोही अडीच मीटरच्या आसपास जातो. काळ्या टोकाच्या परांचा ब्लॅकटिप रीफ शार्क म्हणजे लोकांच्या मनातला ‘खरा शार्क’. लांबी दीड-पावणेदोन मीटर, पोहणं अखंड. त्याला सहा-सात मीटर व्यासाचा, कोपरे नसलेला हौद हवा. खोली धरली तर साठ-सत्तर हजार लिटर पाणी. हे काम संस्थेचं, कुटुंबाचं नव्हे. आणि संस्थांनाही सगळं जमतं असं कुठे आहे? कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये पांढऱ्या शार्कचं एक पिल्लू दहा लाख गॅलनच्या टाकीत १९८ दिवस सांभाळलं आणि समुद्रात सोडलं. तो विक्रम म्हणून सांगितला जातो. जपानच्या ओकिनावातल्या मत्स्यालयात २०१६ मध्ये साडेतीन मीटरचा पांढरा शार्क ठेवला, तो तीन दिवसांत मेला.

मग एका बांबू शार्कला टाकी केवढी? जाणकारांत ढोबळ नियम असा आहे: टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीपेक्षा जास्त, म्हणजे अंग न दुमडता वळता यावं, आणि लांबी त्या माशाच्या निदान अडीच-तीनपट. पांढऱ्या ठिपक्यांच्या जातीसाठी हिशेब येतो आठ फूट लांब, चार फूट रुंद. उंची दोन फूट पुरते. यात साधारण १,८०० लिटर पाणी बसतं. आपल्याकडे इथेच थांबून घराच्या फरशीकडे बघावं लागतं. खारं पाणीच जवळपास १,८५० किलो. बारा मिलिमीटरची काच धरली तरी तिचे दोन-सव्वादोनशे किलो. वाळू, लोखंडी स्टँड, खालची फिल्टरची टाकी म्हणजे सम्प असं मिळून वजन अडीच टनांकडे जातं आणि ते टेकतं तीन चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोंहून अधिक. आपल्या निवासी इमारतींच्या खोल्यांचं आरेखन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापरभार गृहीत धरून होतं. चौपट भार तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबवर वीस वर्षं ठेवायचा, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती हवी आणि सोसायटीची त्याहून आधी. तळमजला, पक्कं जोतं आणि स्वतःचं घर हे तिन्ही असेल त्याने पुढचं वाचावं. इतरांनी कुतूहल म्हणून.

पाणी बनवणं हे त्यानंतरचं काम. शार्क रक्तात युरिया साठवून समुद्राशी समतोल राखतो, त्यामुळे क्षारतेचे चढउतार त्याला सोसत नाहीत. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे, मत्स्यालयाचं. पहिल्याच भरणीला ६३ किलो. आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर दर खेपेला साडेनऊ किलो आणि वर्षाकाठी जवळपास अर्धा टन. ‘समुद्र दारात आहे, तिथलं पाणी आणू’ हा किनाऱ्यावरच्या माणसाला सुचणारा विचार. पण पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारटपणा उतरतो आणि खाडीच्या तोंडाशी तर सांडपाणीही असतं. त्यापेक्षा आरओचं पाणी आणि विकतचं मीठ बरं.

मांसाहारी, मोठा आणि बराच मळ टाकणारा प्राणी असल्यामुळे फिल्टर टाकीच्या आकाराला पुरेल असा नव्हे, त्याहून दांडगा लागतो: भरपूर जैविक माध्यमाचा सम्प आणि मोठा प्रोटीन स्किमर. टाकी भरल्यावर जिवाणूंचं चक्र बसायला चार-सहा आठवडे जातात, तोवर शार्क आणायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नायट्रेटकडे लोक दुर्लक्ष करतात. पण ते चढत राहिलं की शरीराला आयोडीन घेता येत नाही आणि शार्कच्या गळ्याखाली गाठ येते. ही गलगंडाची गाठ मत्स्यालयांत जुनी ओळखीची आहे आणि तिच्यावरचा उपाय आधी स्वच्छ पाणी, मग आयोडीनचं पूरक. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींवर दुकानदार सर्रास तांब्याचं औषध देतात. शार्कच्या टाकीत तांबं कधीच घालू नये, ते त्याला विषारी आहे. नवा मासा वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून मगच मुख्य टाकीत घेणं, हे त्याहून सोपं आणि स्वस्त.

शार्कच्या नाकाभोवती बारीक छिद्रं असतात. त्यांतून त्याला वाळूखाली दडलेल्या खेकड्याच्या स्नायूंतली क्षीण वीजही कळते. याच कारणाने गळका हीटर किंवा जुना पंप पाण्यात किंचितही करंट सोडत असेल तर माणसाच्या हाताला काही कळायच्या आधी शार्क अन्न सोडतो आणि कोपऱ्यात जातो. अर्थिंग तपासलेलं असावं आणि धातूच्या वस्तू पाण्यात नसाव्यात. आणि वीज गेली तर? पाणी फिरवणारा पंप आणि हवा देणारा पंप इन्व्हर्टरवर, शक्यतो वेगवेगळ्या लाइनवर. भारनियमनाच्या गावात जनरेटरशिवाय हा उद्योग करूच नये.

तापमान २४ ते २६ अंश. विदर्भात राहणाऱ्याला हे वाचून हसू येईल. त्याच्या नळाचं पाणीच मे महिन्यात याहून गरम असतं. चिलर ही चैन नाही, गरज आहे. एपॉलेट शार्कच्या अंड्यांवर केलेला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे: २७ अंशांत ज्या अंड्यांतून सुमारे १२५ दिवसांनी पिल्लं आली, त्याच जातीच्या ३१ अंशांतल्या अंड्यांतून ती सुमारे १०० दिवसांतच बाहेर पडली, आकाराने लहान आणि लवकर दमणारी. प्रयोगाचा विषय तापता समुद्र होता, पण चार अंशांचा फरक काय करतो हे टाकीवाल्यालाही त्यातून कळावं.

तळाला बारीक, मऊ वाळू; प्रवाळाचा खरबरीत चुरा पोटाची कातडी सोलतो. दगडांची गुहा वाळूवर रचायची नाही, थेट तळाच्या काचेवर आधार देऊन रचायची, कारण हे प्राणी खणतात आणि स्वतःवरच दगड पाडून घेतात. झाकणाला वजन हवं. उजेड मंद.

खाण्याचं त्यामानाने सोपं, निदान किनाऱ्यावर. ताजी कोळंबी, माकूल, मांदेली, बोंबलाचे तुकडे, असं आलटून पालटून. वाढत्या पिल्लाला जवळपास रोज, मोठ्याला आठवड्याला दोन-तीनदा. रोज भरवणारा मालक माशाला लठ्ठ आणि पाण्याला घाण करतो. गोठवलेल्या मासळीतली जीवनसत्त्वं घटतात आणि काही जातींच्या मासळीत-शिंपल्यांत बी-१ नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून आठवड्यातून एकदा तुकड्यात जीवनसत्त्वाची गोळी दडवतात. चिमट्याने भरवावं. बांबू शार्क माणसाला धोकादायक नाही, पण बोट आणि माकूल यांत तो फरक करत बसत नाही. टाकीत सोबतीला खेकडे, शेवंडी ठेवल्या तर त्याही खाद्यच. ट्रिगर आणि पफर हे मासे उलट त्याचेच पर कुरतडतात.

अंड्यांबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण परदेशात बांबू शार्क बरेचदा अंड्याच्या रूपात, चामडी पाकिटासारख्या कोशात विकला जातो. टाकीत जन्मलेला प्राणी समुद्रातून पकडलेल्यापेक्षा बरा, तेव्हा ही पद्धत वाईट नाही. पण एकटी मादी वर्षानुवर्षं अंडी घालत राहते आणि ती सगळी वांझ असतात असंही नाही. तपकिरी पट्ट्यांच्या एका मादीने नराचा संग नसताना, निदान ४५ महिने साठवून ठेवलेल्या शुक्राणूंतून पिल्लाला जन्म दिल्याची नोंद कॅलिफोर्नियातल्या एका मत्स्यालयात झाली आहे. नराशिवायच्या प्रजननाचीही उदाहरणं आहेत. एका शार्कची तयारी केलेल्या माणसाकडे तीन शार्क होऊ शकतात, आणि प्रत्येकाला मीटरभर वाढायचं असतं, वीस-पंचवीस वर्षं जगायचं असतं.

हौस कुठवर जाते याचे दाखले अमेरिकेत भरपूर आहेत. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका घराच्या तळघरातल्या साडेचार मीटरच्या प्लास्टिकच्या तलावात सात जिवंत सँडबार शार्क सापडले. शेजारी दोन लेपर्ड शार्क आणि एक हातोडी शार्क मेलेले. मालकाला पुढे ५ हजार डॉलर दंड झाला आणि जिवंत शार्क लाँग आयलंडच्या मत्स्यालयात गेले. सॅन फ्रान्सिस्को खाडीतून लेपर्ड शार्कची लहान पिल्लं चोरून पाळीव बाजारात विकण्याच्या प्रकरणात तर एका चर्चच्या पाद्र्यालाच २००७ मध्ये एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. २०१८ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओत एका माणसाने मत्स्यालयातला हॉर्न शार्क ओल्या कपड्यात गुंडाळून बाबागाडीतून पळवला. तो परत मिळाला, आणि चोराच्या घरी शार्कसाठी बऱ्यापैकी टाकी होती, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे कायदा काही जातींपुरता अगदी स्पष्ट आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बहिरी, म्हणजे व्हेल शार्क आला आणि त्याच वर्षी गंगेतला नदी-शार्क, पाँडिचेरी शार्क वगैरे आले. त्यांना पकडणं, बाळगणं गुन्हा आहे. गोड्या पाण्यात खरोखर शिरणारा बुल शार्क पाळता येईल का, असं विचारणारेही भेटतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेत एका तरुणाच्या पायाचा लचका तोडणारा हाच. एवढं उत्तर पुरे. ब्लॅकटिप ज्या कुळातला, ते अख्खं कुळ २०२२ मध्ये पनामातल्या परिषदेत साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं, तेव्हा परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार होऊ शकत नाही. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियमही २०२४ मध्ये आले आहेत. कुणी दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर त्या मिनिटाला दुकानाबाहेर पडावं.

एकूण पाहता खरा शार्क पाळणं महाराष्ट्रातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव घरांना जमणारं नाही आणि उरलेल्या एकाने कोरल कॅटशार्क किंवा लहान जातीच्या बांबू शार्कपलीकडे पाहू नये. मोठी अडचण मात्र या एका घरात नाही. ती हजारो घरांत आधीच वाढत असलेल्या पंगसची आहे. सहा महिन्यांत तो टाकीत मावेनासा होतो आणि मग रविवारी सकाळी बादलीत घालून जवळच्या तळ्यात किंवा नदीत ‘मुक्त’ केला जातो. असंच सोडून दिलेल्या सकर माशांनी आज उजनी धरणातल्या मच्छीमारांची जाळी भरतात, आणि त्यांना गिऱ्हाईक नाही. आपला पंगस मोठा झाला असेल तर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला परत द्या, शेततळं असलेल्या मत्स्यशेतकऱ्याला विचारा, तेही जमलं नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात फोन करा; पण नदीत सोडू नका.